गोळ्या वाढल्या

चुलीवर चहाला उकळी येत होती तेवढ्यात फळीवरचा फोन वाजला.

"आई, उठलीस?"

"कधीची. तुझं काय चाललंय?"

"मी मजेत. झोप लागली का? डोक्याखाली किती उशा घेतल्यास?"

"एकच गं."

"पायाला सूज?"

"नाही."

"आणि गोळ्या? आहेत ना पुरेशा?"

शालनबाईंनी फळीवरची डबी खाली काढून हलवली. आवाज आला नाही. "गोळ्या वाढल्या, मयू," त्या म्हणाल्या.

"छान! अशीच काळजी घे. उद्या बोलू."

आवाज मयूरीचा होता. शालनबाईंची ही एकुलती लेक चाकणला बॅटरीच्या कारखान्यात कामाला होती. पण आत्ता जी बोलली ती मयूरी नव्हती, 'हाक' होती. शालनबाईंना ते ठाऊक होतं. करंजाळ्यात ते सगळ्यांनाच ठाऊक होतं, आणि तरी घरोघरी लोक त्या फोनशी आपल्या लेकरांच्या नावानंच बोलत.

करंजाळे हे धरणाच्या फुगवट्याकाठचं गाव. तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला पाणी. गावातून बाहेर पडायचं तर लाँच. औषधं पोचवायला आधी ड्रोन आणून पाहिले होते, पण इथल्या खिंडीतल्या वाऱ्यानं ते इतक्यांदा पाण्यात टाकले की शेवटी पुन्हा लाँचच बरी ठरली. आता ती बॅटरीवर चालते आणि अजिबात आवाज करत नाही, एवढाच काय तो फरक. तालुक्याचा दवाखाना पलीकडच्या काठावर. अशा गावात हृदय कमजोर झालेल्या माणसाची रोज विचारपूस कोण करणार? त्यासाठी 'हाक' निघाली.

तिच्यामागचं विज्ञान समजायला अवघड नाही. हृदय हा पंप आहे. पंप अशक्त झाला की रक्त पुढं ढकलणं त्याला जड जातं, मागं तुंबारा होतो, आणि त्यातलं पाणी झिरपून फुप्फुसांत, पायांत, थोडंसं गळ्यातल्या स्वरतंतूंतही उतरतं. ओल धरलेली ढोलकी जशी नीट बोलत नाही, तसा ओल धरलेला गळाही बोलत नाही. आपल्या कानांना तो फरक कळायच्या आत यंत्राला कळतो. रोज एक मिनिट बोललं तरी त्याला पुरतं. दम लागायच्या कितीतरी आधी ते सांगू शकतं की या बाईच्या फुप्फुसात पाणी साचू लागलंय. मग पाणी उतरवायच्या गोळ्या वेळेवर मिळाल्या की माणूस दवाखान्याची पायरी न चढता घरी नांदतो. साधा बटणांचा फोनसुद्धा चालतो. असं साधन वाईट कोण म्हणेल?

अडचण एकच होती. यंत्राच्या आवाजातला फोन लोक उचलत नसत. उचलला तरी "हां, हां" करून ठेवून देत. म्हणून 'हाक' चालवणाऱ्यांनी एक युक्ती काढली. आजाऱ्याच्या मुलाबाळांनी थोडा वेळ वाचून आपला आवाज नोंदवायचा, आणि पुढं रोजची हाक त्या आवाजात जायची. लोक फोन उचलू लागले. मन मोकळं करू लागले. गोळ्या वेळेवर घेऊ लागले. आकडे फार चांगले आले.

फक्त एक गोष्ट आकड्यांत दिसली नाही. मयूरी पूर्वी एक दिवसाआड फोन करायची. 'हाक' आल्यावर तिचे फोन हळूहळू विरळ झाले. आईची खबर तिला आठवड्याला एका ओळीत कळत होतीच. आणि आईला तर रोज सकाळी लेकीचा आवाज ऐकू येत होता.

*

मंगळवारी लाँच आली. धक्क्यावर वनिता औषधांची खोकी उतरवून घेत होती. ती गावची आशाताई. लहानपणी शालनबाईंच्या अंगणवाडीत बसलेली. खरं तर गावातली निम्मी तरुण माणसं त्याच अंगणवाडीत बसलेली. म्हणून म्हातारेकोतारे सोडले तर सगळे त्यांना 'बाई' म्हणत.

"बाई, तुमच्या नावावर काही आलं नाही."

"असं कसं? मी सांगितलंय की."

वनितानं हातातली पाटीएवढी स्क्रीन पाहिली. "यात दिसतंय, 'गोळ्या शिल्लक: भरपूर. नियमितता: कमी.' बाई, गोळ्या घेत नाही का तुम्ही?"

"वनिता, मी तुला कधी खोटं बोलायला शिकवलं?"

"नाही हो बाई."

"मग?"

मागं त्याच दुखण्याचे बाबूदाजी आपलं पाकीट खिशात घालत उभे होते. त्यांच्या नावापुढं हिरवी खूण होती. "शालनबाई, आम्ही बघा. नियमित म्हणजे नियमित. बायकांना घरच्या कामात ध्यान राहत नाही."

"दाजी, मागची दोन पाकिटं तुमच्या ट्रंकेत आहेत," वनिता म्हणाली. "वैनींनी दाखवलीत मला."

"यंत्राला दाखवली का? मग झालं तर!" असं म्हणून दाजी हसत निघून गेले.

संध्याकाळी फोन वाजला. सकाळची वेळ नव्हती, म्हणजे ही खरी मयूरी.

"आई, काय चालवलंयस तू? मला मेसेज आलाय. तुझ्या आईकडे गोळ्या पडून आहेत आणि ती घेत नाही म्हणून. तिकडं तुला काही झालं तर मी इथून कशी पोचू? रजा मिळत नाही मला!"

"मयू, डबी रिकामी आहे."

"मग यंत्र खोटं सांगतं का? त्याला काय पडलंय?"

"आणि मला काय पडलंय?"

"तू हट्टी आहेस. त्यांनी हमी मागितलीय ना? देऊन टाक. दोन वाक्यं बोलायला काय जातंय?"

शालनबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाल्या, "सकाळची मयू तुझ्यापेक्षा बरी. निदान ओरडत तरी नाही."

बोलल्या आणि लगेच त्यांना वाईट वाटलं. पण पलीकडून फोन ठेवला गेला होता.

*

हमीची गोष्ट अशी. 'हाके'च्या लेखी जो आजारी औषध टाळतो, त्याचं पाकीट थांबतं. महाग औषध पडून राहू नये म्हणून हा नियम. ते पुन्हा चालू व्हायला आजाऱ्यानं फोनवर, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं: "माझ्याकडून औषधात हयगय झाली. यापुढे मी गोळ्या नियमित घेईन." तोंडानं कबूल केलेलं माणूस जास्त पाळतं, असं कुठल्याशा पाहणीत दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशीच्या हाकेत मयूरीचा आवाज लाडात येऊन म्हणाला, "आई, माझ्यासाठी म्हण ना. माझ्याकडून हयगय झाली..."

"झाली नाही तर कशी म्हणू?"

"माझ्यासाठी, आई."

"माझी पोर मला खोटं बोलायला सांगायची नाही," असं म्हणून शालनबाईंनी फोन ठेवला. पण काल संध्याकाळी पोरीनं नेमकं तेच सांगितलं होतं, हे त्यांना आठवलं.

आडवं पडलं की दम लागायचा, म्हणून शुक्रवारपर्यंत उशा दोन झाल्या. घोट्यांवर बोट दाबलं की खळगा राहू लागला. विहिरीवरून येताना मध्ये थांबावं लागू लागलं.

त्या दिवशी दुपारी शेजारच्या हौसाक्का वाटी घेऊन आल्या. वयानं शालनबाईंपेक्षा मोठ्या, दुखणं तेच, औषधही तेच.

"शालन, मीठ दे गं वाटीभर. माझं मीठ वाढलं."

"तुला मीठ कमी खायला सांगितलंय ना डॉक्टरांनी? वाटी कशाला, चिमूट देते."

"चिमटीनं काय सुकट खारवू? दे गप."

शालनबाई डब्याचं झाकण उघडता उघडता थांबल्या.

"काय म्हणालीस?"

"सुकट."

"त्याच्या आधी."

"मीठ दे म्हणाले."

"त्याच्या पुढं."

"माझं मीठ वाढलं म्हणाले. काय झालं तुला, ऐकू येईना का?"

शालनबाई खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता डोळ्यांत पाणी आलं.

या काठच्या बायका 'संपलं' म्हणत नाहीत. मीठ, तांदूळ, तेल, कुंकू, ज्याच्यावर घर चालतं त्याचा शेवट तोंडानं बोलायचा नाही. मीठ वाढलं. तेल वाढलं. बांगडी फुटली तरी ती वाढली. हे घराघरांतलं साधं बोलणं आहे, त्यात कुणी काही विशेष करतंय असं कुणालाच वाटत नाही. शालनबाईंनी तर तेच अंगणवाडीत नेलं होतं. "बाई, खडू संपला" असं पोर म्हणालं की त्या हात मागं घेत. "बाई, खडू वाढला" म्हटलं की नवा खडू मिळे. ज्या गोळ्यांवर आपला श्वास चालतो, त्या 'संपल्या' म्हणणं तर त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

"हौसे, तू फोनवर काय सांगितलं होतंस? तुझं पाकीट थांबलं होतं तेव्हा?"

"गोळ्या वाढल्या म्हणून सांगितलं. अजून काय सांगणार?"

"आणि बाबूदाजी काय सांगतात?"

"तो मेला सरळ म्हणतो, संपल्या, पाठव." हौसाक्कांच्या हातातली वाटी खाली आली. "अगं बाई!"

*

मुलांना शिकवताना नवा शब्द आला की आपण तो दाखवतो. हे फूल, हा दगड. यंत्राला असं कुणी दाखवत नाही. त्याला माणसांची लाखो लिहिलेली वाक्यं दिली जातात, आणि कुठल्या शब्दाच्या शेजारी कुठले शब्द बसतात ते पाहून ते अर्थ बांधतं. महागाई वाढली. पगार वाढला. धरणातलं पाणी वाढलं. ताटात भात वाढला. अशा वाक्यांत 'वाढणं' म्हणजे जास्त होणं, नाहीतर ताटात पडणं. चुलीपुढं बसून शेजारणीकडे मीठ मागताना बाई काय म्हणते, ते कुणी छापत नाही. जे छापलं नाही ते यंत्राला भेटलं नाही.

एवढंच असतं तरी चूक लवकर पकडली गेली असती. पण 'हाके'कडे दोन साक्षीदार होते. एक म्हणजे शालनबाईंचा गळा, तो खरंच ओलावत चालला होता आणि यंत्र ते अगदी अचूक ऐकत होतं. दुसरा त्यांचा शब्द, तो यंत्रानं उलटा ऐकला होता. गोळ्या भरपूर आहेत आणि फुप्फुसात पाणी चढतंय, याचा अर्थ एकच निघतो: बाई गोळ्या घेत नाही. खऱ्या पुराव्यानं खोट्या निष्कर्षाला खांदा दिला, आणि 'हाके'ची खात्री रोज थोडी थोडी पक्की होत गेली.

*

हौसाक्का गेल्याबरोबर शालनबाईंनी मयूरीला फोन लावला. एकच रिंग वाजली आणि मयूरीनं उचलला.

"बोल आई."

"मयू, सापडलं बघ! मी रोज सांगायचे गोळ्या वाढल्या. तुझ्या त्या यंत्राला वाटलं, उरल्या! तुला तर माहितीय आपण कसं म्हणतो. खडू वाढला, आठवतं का तुला?"

"हो आई, आठवतं."

"मग सांग त्यांना. गोळ्या वाढल्यात म्हणावं, कधीच्या वाढल्यात."

"छान, आई. अशीच काळजी घे."

शालनबाईंनी फोन कानाला घट्ट दाबला. मागं कारखान्याचा आवाज नव्हता. बोलण्यात घाई नव्हती. मयूरीनं कामावर असताना आईचे फोन 'हाके'कडे वळवून ठेवले होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यांनी हळूच विचारलं, "मयू, घरातले तांदूळ वाढले. काय करू गं?"

"अरे वा! शेजारी थोडे दे की, आई."

शालनबाईंनी फोन कानापासून दूर धरला. लेकीचा आवाज कुणाला तरी उसना देता येतो. पण तांदूळ वाढले म्हटल्यावर उठून डब्यात डोकावणारी लेक उसनी देता येत नाही.

"थांब," त्या फोनला म्हणाल्या. "तुला मी शिकवते."

*

वनितानं तालुक्याच्या डॉक्टर फरांद्यांना स्क्रीनवर घेतलं. तरुण, भला माणूस. शालनबाईंचं सगळं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, पटलं मला. आजच वर कळवतो. पण शब्द दुरुस्त करायचा म्हणजे तपासणी, मंजुरी, वेळ जाणार. आणि 'हाके'च्या योजनेतल्या आजाऱ्याला मी बाहेरची चिठ्ठी लिहू शकत नाही, मनाई आहे. तुमचा आवाज मला इथं ऐकू येतोय, बाई. दम लागतोय तुम्हाला. तोवर हमी देऊन टाका, उद्याच्या लाँचनं पाकीट येतं."

"हमी कशाची?"

"अहो, औपचारिकता आहे नुसती."

"नुसती आहे तर तुम्ही द्या."

"मी?"

"'आमच्याकडून ऐकण्यात हयगय झाली. यापुढे आम्ही नीट ऐकू.' दोनच वाक्यं आहेत, डॉक्टर. काय जातंय?"

वनितानं तोंडाला पदर लावला. डॉक्टरही हसले, पण लगेच गंभीर झाले. "बाई, यंत्राशी मानापमान कसला? उद्यापासून 'संपल्या' म्हणा, हमी द्या, मोकळ्या व्हा. जीव महत्त्वाचा की शब्द?"

"मी 'संपल्या' म्हटलं तर माझं पाकीट येईल," शालनबाई थांबत थांबत म्हणाल्या. "पलीकडच्या वाडीतल्या बायकांचं काय? त्यांना कोण सांगणार की तुमच्या आईनं शिकवलेलं बोलणं आजपासून चुकीचं? आणि मी हमी दिली की तुमच्या कागदावर काय लागणार? शालन सपकाळ औषध टाळत होती, आता सुधारली. मी टाळत नव्हते. न केलेली चूक मी माझ्या तोंडानं कबूल करणार नाही."

"आणि दम वाढला तर?"

"फार झालं तर तुमच्या दवाखान्यात येऊन पडेन. हमी न देता."

*

रविवारी काठावरच्या बायका शालनबाईंच्या ओसरीवर जमल्या. वनितानं प्रत्येकीला विचारलं होतं. ज्यांची ज्यांची पाकिटं थांबली होती, त्या सगळ्यांनी एकच शब्द वापरला होता. पुष्कळजणी हमी देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

"मीही दिली," हौसाक्का खाली बघत म्हणाल्या. "दिनूच्या आवाजात विचारलं गं. 'आई, तू हयगय केलीस ना?' दिनूनं विचारल्यावर नाही कसं म्हणू? मला वाटलं, केली असेल बाई आपणच."

"तुझं काही चुकलं नाही, हौसे. दम लागला की माणूस काहीही बोलतं. आणि ते नेमकं तेव्हाच विचारतात."

"मग आता काय करायचं? फोन पाण्यात टाकायचे?" पलीकडच्या वाडीची एक पोरगेली सून म्हणाली.

"फोन नाही टाकायचे. साधन चांगलं आहे. पोर हुशार असतं, पण घरी कुणी बोलायला नसतं, तर ते काय करणार?" शालनबाईंनी श्वास गोळा केला. "वनिता, ते कराराचं सांग."

वनितानं सांगितलं. 'हाके'च्या करारात एक ओळ होती: ज्याचा आवाज उसना घेतला आहे, त्याला त्या आवाजात झालेलं सगळं बोलणं ऐकायचा हक्क आहे. आजाऱ्यानं तो आवाज नाकारला, तर 'हाके'नं त्या माणसाला तसं कळवायलाच हवं. आजवर कुणी नाकारला नव्हता. पोटच्या पोराचा आवाज कोण नाकारणार?

"उद्यापासून एकच वाक्य," शालनबाई म्हणाल्या. "'ज्याचा आवाज आहे त्याला बोलव.' झोपेचं विचारलं, एकच वाक्य. सुजेचं विचारलं, तेच. लाडात आलं, तरी तेच."

"आणि रडायला लागलं तर?" हौसाक्कांनी विचारलं.

"अंगणवाडीत पहिल्या दिवशी सगळीच रडतात."

सोमवारी सकाळी काठावरच्या घराघरांत फोन वाजले. आत लेकांचे, लेकींचे, नातवंडांचे आवाज गोड गोड विचारू लागले, आणि बाहेरून एकच उत्तर गेलं. हौसाक्कांच्या दिनूनं पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी त्या म्हणाल्या, "तू दिनू असशील तर तुला लहानपणी काय म्हणून मारलं होतं ते सांग." 'हाके'ला ते माहीत नव्हतं. हौसाक्कांनी फोन पिठाच्या डब्यावर ठेवला आणि भाकरी थापायला घेतली. तो तिथं एकटाच बोलत राहिला.

मंगळवारी तेच. बुधवारी तेच. वनिताच्या स्क्रीनवर सगळा काठ लाल झाला. त्या दिवशी शालनबाई भिंतीला टेकून बसूनच झोपल्या. उशांचा उपयोग उरला नव्हता. वनिता पाय चेपत म्हणाली, "बाई, उद्या दवाखान्यात न्यायचं. आता मी नाही ऐकणार."

"उद्याची लाँच येऊ दे. मग ने."

*

मयूरीला निरोप मिळाला तेव्हा ती कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. 'तुमच्या आवाजाला तुमच्या आईने नकार दिला आहे. संभाषण ऐकण्याचा आपला हक्क आहे.' तिनं कपाळाला आठी घातली आणि कानात बटण अडकवलं.

आधी तिला स्वतःचाच आवाज ऐकू आला. आपण आईशी इतकं गोड कधी बोललो होतो, ते तिला आठवेना. मग आईचा आवाज आला. मागं चहा उकळत होता. "गोळ्या वाढल्या, मयू."

मयूरीचा घास हातातच राहिला.

आठवड्याच्या त्या ओळीत 'शिल्लक: भरपूर' एवढंच असायचं. आईचं वाक्य तिनं कधी ऐकलंच नव्हतं. ती पुढचं ऐकत गेली. डबी फळीवर ठेवल्याचा आवाज. खोकला. खडू आठवतो का, असं विचारणारी आई, आणि "हो आई, आठवतं," असं खोटं सांगणारी आपण. तांदळाचा प्रश्न आला तेव्हा ती इतक्या जोरात "अगं, नाही!" म्हणाली, की शेजारच्या टेबलावरच्या बायका वळून पाहू लागल्या.

रजेचा अर्ज तिनं केला नाही. ती उठली आणि निघाली.

*

गुरुवारी सकाळी फोन वाजला. शालनबाईंनी तो उचलून मांडीवर ठेवला. बोलायला दम पुरत नव्हता.

"आई."

"ज्याचा आवाज आहे... त्याला बोलव."

"आई, मी आहे. मयूरी."

"ते रोजच सांगतात."

पलीकडं वारा फोनवर आपटत होता. हाकेत वारा कधी नसायचा. शालनबाईंनी डोळे मिटले आणि विचारलं, "घरातले तांदूळ वाढले, मयू. काय करू?"

"काही करू नकोस," आवाज चिरकला. "बसून राहा. मी आणते. आणि गोळ्यापण वाढल्यात ना गं? त्या आणल्यात. फरांदे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून दिली, मनाई होती तरी. काठावरच्या सगळ्याजणींच्या आणल्यात. लाँचवर आहे, देऊळ दिसायला लागलंय. आई? ऐकतेस ना? आई!"

एवढ्या दिवसांत शालनबाईंनी कुठल्याच हाकेला उत्तर दिलं नव्हतं.

"ओ," त्या म्हणाल्या.

*

पाणी उतरायला वेळ लागला, पण उतरलं. मयूरीनं आपला आवाज 'हाके'कडून परत मागून घेतला, आणि काठावरच्या बाकी लेकरांनीही. डॉक्टर फरांद्यांना बाहेरच्या चिठ्ठीबद्दल जाब विचारला गेला. त्यांनी उत्तरादाखल शालनबाईंची सगळी संभाषणं जोडून पाठवली आणि खाली लिहिलं, 'कृपया ऐकावे.'

वर कुणीतरी ऐकलं असावं, कारण काही आठवड्यांनी पुन्हा हाक चालू करायची का, अशी गावाला विचारणा झाली. शालनबाईंनी दोन अटी घातल्या. आवाज कुणाच्या पोराचा नको, यंत्राचा यंत्रालाच असू दे. आणि पहिल्या दिवशी पहिली दोन वाक्यं आम्ही सांगू ती. ती अट वर बराच काळ अडून राहिली. शालनबाईही अडून राहिल्या. मयूरी आता एक दिवसाआड फोन करत होती आणि आईशी भांडतही होती, त्यामुळं त्यांना घाई नव्हती.

शेवटी एका सकाळी फोन वाजला. हौसाक्का चहाला आल्या होत्या. शालनबाईंनी त्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला.

"नमस्कार. मी हाक. मी यंत्र आहे," एक अनोळखी, जरा कोरडा आवाज म्हणाला. "आमच्याकडून ऐकण्यात हयगय झाली. यापुढे आम्ही नीट ऐकू."

हौसाक्का तोंडावर हात ठेवून ऐकत होत्या. शालनबाईंनी मान हलवली, अंगणवाडीत पाढा बरोबर म्हटल्यावर हलवत तशी.

"बरं. आता विचार."

"गोळ्या वाढल्या का?"

"नाही. आहेत अजून." त्यांनी हौसाक्कांकडे पाहून डोळा मिचकावला. "पण आमच्या हौसाक्कांचं मीठ वाढलंय. त्याला काय करायचं?"

"मीठ वाढलं ते बरंच झालं," यंत्र म्हणालं. "आणायची घाई करू नका. तुम्ही दोघींनीही मीठ कमीच खायचं आहे."

"घ्या!" हौसाक्कांनी रिकामी वाटी चुलीपुढं आपटली. "शिकवलंस ना त्याला? आता भोग!"